दुसरी साक्ष

शनिवारी सकाळी चादरबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या, तर जावई फरशीवर बसलेला. बसलेला म्हणजे मांडी घालून नव्हे. भिंतीला पाठ घासत खाली आलेला, पाय ओट्याखाली, मान एका खांद्यावर. नळ चालू होता आणि किटली भरून ओसंडत होती.

"अहो," चादरबाई म्हणाल्या. मग जरा चढ्या आवाजात, "अहो, जावईबापू!"

डोळे अर्धे उघडे होते, पण बघत कशाकडेच नव्हते. चादरबाईंनी आधी नळ बंद केला. माणूस पडलेला असताना आपला हात आधी नळाकडे गेला, याची त्यांना नंतर दिवसभर लाज वाटत राहिली. मग त्या भिंतीला धरत धरत खाली बसल्या आणि त्यांनी जावयाच्या गालावर दोन चापट्या मारल्या. तिसरी मारायच्या आत त्याचे डोळे हलले.

"पाय घसरला," तो म्हणाला.

"फरशी कोरडी होती."

"ओली होती."

"आत्ता ओली झाली. मी हाका मारत होते. पाय घसरलेला माणूस निदान 'ओ' तरी देतो."

जावयानं तोंडावरून हात फिरवला. बाहेरच्या खोलीत लेक शिवणयंत्राशी नातीच्या, चिमणीच्या, फ्रॉकची शिवण उसवत बसली होती आणि गुणगुणत होती. ते गुणगुणणं दोघांनी ऐकलं आणि दोघांनीही आवाज खाली आणला.

"आई," तो हळूच म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ द्या. हात जोडतो."

चादरबाईंचं खरं नाव घरच्यांनाही आठवावं लागे. इस्पितळाच्या धुलाईखात्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. कोणत्या वॉर्डात किती चादरी गेल्या, किती परत आल्या, कोणती फाटून आली, कोणती रफू करून आणखी वर्षभर चालेल, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि त्यावरून पडलेलं नाव त्या निवृत्त झाल्या तरी सुटलं नाही. माणसांकडे बघायचा डोळाही त्यांनी तोच ठेवला होता. चर्चचे पाळकसाहेब त्यांच्या मते चांगल्या सुताचे, पण इस्त्री जरा जास्तच. ऑर्गन वाजवणारी बाई म्हणजे खळ दिलेली चादर, आवाज फार, ऊब कमी. आणि जावई म्हणजे एकदा मधोमध फाटून रफू झालेला. रफू मात्र इतकं सुबक होतं, की वर्षभर त्या स्वतःच ती जागा शोधायला विसरल्या होत्या.

फाटला होता तो त्याच्या आदल्या वर्षी. तो शाळेची बस चालवायचा. मुलांना सोडून परत येताना त्याला चाकावरच भोवळ आली आणि बस शाळेच्या कुंपणाच्या भिंतीत घुसली. बस रिकामी होती, म्हणून निभावलं. त्याच्या नडगीचं हाड मोडलं. हृदयाचे ठोके मधूनच ताल सोडतात, असं निघालं. औषध सुरू झालं, बस गेली. ते वर्ष त्यानं खिडकीशी बसून काढलं. लेक पहाटे कचेऱ्यांच्या फरश्या पुसायला जायची, तिथून शिवणकामाच्या कारखान्यात, आणि घरी आली की नवऱ्याच्या श्वासाकडे कान लावून पडून राहायची. चादरबाईंनीही त्या वयात पुन्हा धुलाईखात्यात जाऊन इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायला सुरुवात केली होती.

मग ठोके ताळ्यावर आले. डॉक्टरांनी पुन्हा बस चालवायला परवानगी दिली, पण बोट उगारून: पुन्हा एकदा जरी असं झालं, तर चाकाला हात लावायचा नाही, त्याच दिवशी इकडे यायचं. ते वाक्य ऐकायला तिघंही दवाखान्यात होती. त्यानंतरचं सबंध वर्ष असं गेलं, की त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. लेकीच्या डोळ्यांखालची वर्तुळं पुसली गेली. ती पुन्हा गुणगुणायला लागली. इस्त्रीचं टेबल सुटल्यानं चादरबाईंच्या गुडघ्यांनाही ते वर्ष फार मानवलं होतं, आणि जावयाला उठायला हात देताना शनिवारी सकाळी त्यांना पहिल्यांदा आठवले ते तेच गुडघे.

दुपारी लेकीनं त्यांना समोर बसवलं.

"आई, ऐक ना. उद्याची साक्ष म्हणून दाखवते. कुठे लांबली तर सांग."

त्यांच्या चर्चच्या मंडळीत वर्षाच्या शेवटच्या रविवारी उपकारस्तुतीची भक्ती होई. ज्या घराला देवाचे आभार मानायचे असतील त्या घरातलं कोणीतरी उभं राहून साक्ष देई. तेवढ्यावर भागत नसे. त्याच घरातल्या दुसऱ्या माणसानं उठून 'हे खरं आहे, मी पाहिलं आहे' असं म्हणावं लागे. मागे एका गवंड्यानं तंबाखू सुटल्याची डोळ्यांत पाणी आणणारी साक्ष दिली होती आणि शेवटी 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा पुढच्या दोन बाकांना त्याच्या दाढेतला तोबरा दिसला होता. तेव्हापासून पाळकसाहेबांनी हा नियम घातला. शास्त्रातही दोन साक्षीदार सांगितलेत, असं ते म्हणत. गवंड्याचं नाव घेत नसत.

लेकीनं खाकरून सुरुवात केली. बाकीचं चादरबाईंच्या कानावरून गेलं. एकच वाक्य आत शिरलं: "या सबंध वर्षात माझ्या नवऱ्याला एकदाही भोवळ आली नाही."

"एकदाही कशाला म्हणायचं?" चादरबाई म्हणाल्या. "देवानं सांभाळलं, एवढं म्हण. पुष्कळ झालं."

"का?"

"उगीच दृष्ट लागल्यासारखं..."

"आई! तू आणि दृष्ट?" लेक खदखदून हसली. "आणि देवाला मोघम पावती द्यायची होय? तूच शिकवलंस ना, मोघम लिहिलं की चादर हरवते? आणि दुसरी साक्ष तुझी. नाही म्हणायचं नाही. त्यांनी स्वतःबद्दल कसं सांगायचं? चिमणी लहान आहे. राहिलं कोण?"

राहिलं कोण, ते चादरबाईंना चांगलंच ठाऊक होतं. लेकीच्या तोंडावर ते हसू असताना त्यांना काही म्हणवेना. त्या उठल्या, चपला घातल्या आणि शाळेकडे निघाल्या.

शाळेच्या मागच्या अंगणात जावई बसच्या काचा पुसत होता. शनिवारी बस धुवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुसलेलीच काच तो पुन्हा पुसत होता.

"डॉक्टरांकडे गेला होतात?"

"मंगळवारी जातो."

"मंगळवारच्या आधी सोमवार येतो. ही व्यवस्था माझी नाही."

"आई, मी सकाळी काही खाल्लं नव्हतं. रिकाम्या पोटी कोणालाही येते भोवळ."

"मग हेच डॉक्टरांना सांगा. ते हसतील, तुम्हीही हसा, आणि सोमवारी बस काढा. मी स्वतः पहिल्या थांब्यावर उभी राहून टाळ्या वाजवीन."

तो हसला नाही. फडकं पिळत म्हणाला, "ते एक यंत्र छातीला लावतील आणि परवाना काढून घेतील. परत मी खिडकीशी. परत ती पहाटे फरश्या पुसायला. तुम्ही तिला बघितलंत ना आता? गुणगुणते. पुन्हा तशी कधी गुणगुणेल की नाही, सांगा तुम्ही."

हे खरं होतं, म्हणूनच चादरबाईंना राग आला. खोट्याचं त्यांना काही वाटत नसे, खोटं उलटून पाहता येतं.

"ती ऑर्गनवाली," त्या म्हणाल्या, "तिचे दोन्ही मुलगे या बसमध्ये कुठे बसतात?"

जावयानं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

"आणि चिमणी?"

"माझ्या मागच्या सीटवर."

"सोमवारी तिला सांगाल का, बाळ, आज जरा मागे बस, म्हणून?"

फडक्यातलं पाणी त्याच्या बुटांवर गळत राहिलं. "तुम्ही सांगणार आहात का तिला?"

"मी का सांगू? भोवळ मला आली का? आज रात्री जेवताना तुम्ही सांगा. नवऱ्यानं सांगितलं तर ती अडचण होते. सासूनं सांगितलं तर चहाडी."

त्यानं मान हलवली. चादरबाईंनी आयुष्यात अशा पुष्कळ माना पाहिल्या होत्या. 'उद्या धाडतो चादरी' म्हणून हललेल्या माना.

रात्री जेवायला बटाटे होते, अंडी होती, आणि चिमणीच्या नव्या फ्रॉकची चर्चा होती. जावयानं काटा खाली ठेवला.

"मी काय म्हणत होतो," तो म्हणाला.

"काय हो?" लेकीनं हसतच मान वर केली.

त्या चेहऱ्याकडे तो बघत राहिला. "मीठ जरा कमी वाटतंय."

टेबलाखालून चादरबाईंनी पाय मारला.

"आजी, मला का मारतेस?" चिमणी ओरडली.

"डास होता."

"टेबलाखाली?"

"त्यांना कुठे अडवलंय कोणी?"

लेक हसून मीठ आणायला उठली. तिची पाठ फिरल्यावर सासू-जावयांनी एकमेकांकडे पाहिलं. जावयानं सांगितलं नव्हतं, हे उघडच होतं. पण चादरबाईंनाही तोंड होतं, आणि त्यांनीही ते उघडलं नव्हतं. या बाबतीत दोघंही एकाच मापाची निघाली, आणि ही बरोबरी त्यांना मुळीच आवडली नाही.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी जावयाला बाजूला घेतलं. लेक आणि चिमणी आत जाऊन बाक धरून बसल्या होत्या.

"अजून वेळ आहे."

"भक्ती झाल्यावर सांगतो. घरी गेल्यावर. वचन देतो."

"मी उठणार नाही हं. आधीच सांगून ठेवते."

"उठाल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात गुर्मी नव्हती, हीच पंचाईत. "तिच्यासाठी उठाल. मी ओळखतो तुम्हाला."

आणि त्यात त्याची फारशी चूक नव्हती.

दोन घरांच्या साक्षी झाल्या. एकांच्या मुलाला नोकरी लागली होती, एकांची आजी अंथरुणावरून उठली होती आणि आता तिनं पुन्हा झोपावं असं सुनेला वाटत असल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग लेक उभी राहिली. पाठ केलेलं ती पहिल्याच वाक्यात विसरली आणि बोलत सुटली.

"गेल्या वर्षी मी झोपायचे, पण माझे कान जागे असायचे. न्हाणीघरात काही पडलं की माझं काळीज तोंडात यायचं. साबण पडलेला असायचा. मी साबणाला घाबरायचे." मंडळी हसली. "या वर्षी एकदा मला बसमध्ये झोप लागली. माझा थांबा गेला. तिथून उलटं चालत येताना मी रडले, तर एका बाईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही हो, झोप लागली होती. तिला वाटलं असेल, वेडी आहे." "मला देवानं मोठं काही दिलं नाही. मी मागितलंही नव्हतं. मला एक साधं वर्ष दिलं. या सबंध वर्षात माझ्या नवऱ्याला एकदाही भोवळ आली नाही."

"देवाची स्तुती असो," पाळकसाहेब म्हणाले. "दुसरी साक्ष?"

चादरबाईंचे हात पुढच्या बाकाच्या पाठीवर गेले. शरीर अर्धं उचललं गेलंही. सहाच शब्द होते, आणि लेक त्यांच्याकडे लहान मुलीसारखी बघत होती. फाटकी चादर धड म्हणून त्यांनी कधी आत घेतली नव्हती, मेट्रननं डोळे वटारले तरी नाही. पण मेट्रन त्यांच्या पोटची नव्हती. मी पाहिलं आहे, असं म्हणायचं होतं. आणि त्यांनी तर खरंच पाहिलं होतं.

त्या परत खाली बसल्या.

बाकं करकरली. दाराशी उभा असलेला सेवक लगबगीनं आला. "धरू का, आजी? गुडघे?"

"गुडघे ठीक आहेत," चादरबाई म्हणाल्या.

हे जरा मोठ्यानं गेलं. ऑर्गनवालीची मान वळली. लेक उभीच होती. हसू तिच्या तोंडावर राहिलं होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं.

"आई?" ती कुजबुजली.

चादरबाईंनी जावयाकडे पाहिलं. जावई गीतांच्या पुस्तकात बघत होता, आणि पुस्तक मिटलेलं होतं.

त्या शांततेची सगळ्यात जास्त लाज वाटली ती चिमणीला. आपल्या घराला साक्षीदार मिळत नाही म्हणजे काय? ती टुणकन बाकावर उभी राहिली.

"मी देते! मी रोज बाबांच्या मागेच बसते!"

मंडळीला हायसं वाटलं. हसू पसरलं. पाळकसाहेबांनी नियम आठवून पाहिला. त्यात वयाची अट नव्हती. "दे, बाळ," ते म्हणाले.

चिमणीनं फ्रॉक सारखा केला, हात मागे बांधले. "हे खरं आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मी पाहि—"

"चिमणे, बस खाली."

जावई उभा होता. कधी उठला ते चादरबाईंनाही कळलं नाही. त्यानं पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला हळूच बसवलं.

"तिला खोटं बोलायला लावू नका," तो म्हणाला. "काल सकाळी मला भोवळ आली. स्वयंपाकघरात. आईंनी पाहिलं. त्यांनी मला सांगा म्हणून सांगितलं, मी सांगितलं नाही. माझी बायको खोटं बोलली नाही. तिला माहीत नव्हतं."

पाळकसाहेबांजवळ आनंदाची प्रार्थना होती आणि दुःखाची होती. ही कोणत्या खणातली, ते त्यांना उमगेना. तेवढ्यात ऑर्गनवाली स्टुलावरून उठली. शब्द फिरवून बोलायचं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मग उद्या गाडी कोण चालवणार?"

चादरबाईंना पहिल्यांदाच ती बाई आवडली.

"मी नाही," जावई म्हणाला.

दोनच शब्द, पण ते बोलल्यावर तो असा खाली बसला, की जणू आतली पट्टीच कोणी सोडवली. ऑर्गनवाली क्षणभर उभी राहिली, मग तिनं मान हलवली आणि स्टुलावर बसली. डोळ्यांना रुमाल लावायला तिनं तोंड फिरवलं.

लेक अजून उभीच होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, आईकडे तर नाहीच नाही.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "माझी साक्ष संपलेली नाही. 'एकदाही' हा शब्द काढा. बाकीचं आहे तसं राहू द्या."

"तसंच?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मिळालं ते मिळालं. मी झोपले होते, माझा थांबा गेला होता, हे काही कालच्या सकाळनं पुसलं जात नाही." आणि ती बसली. बसताना मात्र नवरा आणि आपण यांच्यात तिनं एका माणसाची जागा सोडली.

आता चादरबाई उठल्या. कोणी हात द्यायला आलं नाही. "हे खरं आहे, मी पाहिलं आहे," त्या म्हणाल्या. लेकीनं मान वळवली नाही. पुढचं गीत सुरू झालं, आणि ऑर्गनचा सूर सुरुवातीला दोनदा चुकला.

भक्तीनंतर जावई शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून आला. मग डॉक्टरांना. संध्याकाळीच या, रविवार असला तरी, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यानं घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, कारण कोणाला उद्देशून सांगावं ते त्याला कळत नव्हतं.

जेवणाच्या टेबलाशी लेकीनं ताटल्या जरा आपटूनच मांडल्या.

"दोघांनी मिळून ठरवलंत," ती म्हणाली. "छान."

"आम्ही काही मिळून नाही..." चादरबाई म्हणाल्या.

"तू गप्प राहिलीस की नाही?"

"राहिले."

"मग मिळूनच झालं. मला विसावा द्यायचा होता ना तुम्हाला? हा विसावा नाही. हे मला दाराबाहेर उभं करणं झालं. आत माझा नवरा फरशीवर पडलाय आणि मी बाहेर फ्रॉक उसवत गाणी म्हणतेय. ते गुणगुणणं आठवलं की मला..."

"तुला हसताना बघून माझी जीभच उचलेना," जावई म्हणाला.

"मग मी रडत बसू का, तुमच्या सोयीसाठी?"

चिमणी एकेकाकडे बघत होती. "आपण प्रार्थना करायची की नाही? मला भूक लागली."

जेवणाआधीची प्रार्थना लेकच करायची. आज ती करते की नाही, याचा अंदाज चादरबाईंनाही बांधता येईना. तिनं ताट जरा पुढे सरकवलं. मग हात जोडले, आणि सगळ्यांनी घाईघाईनं डोळे मिटले.

"देवा," लेक म्हणाली, "मी रागावलेली आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. वर्षाबद्दल तुझे आभार. मनापासून. सकाळी म्हटले तेव्हा लोक ऐकत होते, म्हणून पुन्हा म्हणते. काल फरशीऐवजी चाक असतं, तर... ते नव्हतं, त्याबद्दल सगळ्यात जास्त. संध्याकाळी डॉक्टर काय सांगतील ते मला ऐकायचंय, मला स्वतःला, दुसऱ्याकडून नाही. पुढचं वर्ष कसं जायचं ते तू बघ, पण जे होईल ते मला कळू दे. ह्यांना जेवू दे. चिमणी आज उभी राहिली, तिला आशीर्वाद दे." ती थांबली. "आणि आई मनातल्या मनात उद्या धुलाईखात्यात काम विचारायला निघाली असेल, तर तिनं निघण्याआधी मला सांगावं. आम्ही ते सगळे बसून ठरवू. आमेन."

"आमेन," चिमणी म्हणाली आणि बटाट्यांकडे वळली. "आमेन," जावई म्हणाला.

चादरबाईंनी डोळे आणखी थोडा वेळ मिटलेलेच ठेवले. त्या खरोखरच निघाल्या होत्या, मनानं. इस्त्रीच्या टेबलापर्यंत पोहोचल्याही होत्या.

"आई," लेक म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता, पण वाढायचा चमचा त्यांच्या ताटावर येऊन थांबला होता. "किती वाढू?"